पाणवठ्याचा फेरतपास

एका जंगलात, मुलांनो, एक अगदी साधी सकाळ झाली. तिच्यात सांगण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणूनच ती नीट ऐका.

आवळ्याच्या झाडाखाली सगुणा आवळे वेचत होती. सगुणा ही भेकर. भेकर म्हणजे लहान चणीचं, बुजरं हरीण. कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण भेकराची एक खोड असते. वाघ किंवा बिबट्या दिसला, की ते कुत्र्यासारखं भुंकतं. ठरवून नव्हे. तुम्हाला शिंक येते ना, तसं. सशाला पाहून ते असं भुंकत नाही. सांबराला पाहून नाही. साळिंदराला पाहून तर नाहीच नाही. एवढं लक्षात ठेवा. फौजदाराने ठेवलं नव्हतं.

तर सगुणा आवळे वेचत होती आणि वेचलेल्यातले चार सवयीने बाजूला सारत होती. थोड्या वेळाने तेही स्वतःच खात होती. वाया कशाला घालवायचे? असं सहा वर्षं चाललं होतं.

तेवढ्यात सातभाई आले. सातभाई म्हणजे ते मातकट रंगाचे पक्षी, जे सात-सातच्या टोळीने फिरतात आणि सगळे एकदम बोलतात. जंगलातल्या बातम्या तेच आणतात. त्यामुळे इथे एकच बातमी सातदा कळते आणि दर वेळी वेगळी असते.

"ऐकलंत का, सगुणाबाई?" पहिला म्हणाला.

"न्यायमूर्ती गव्यांनी निकाल दिला!" दुसरा म्हणाला.

"सगळं खोटं होतं म्हणे," तिसरा म्हणाला.

"सगळं नाही रे, नुसता पंचनामा," चौथा म्हणाला.

"लिंबाजी साळिंदर सुटला!"

"सुटला कुठे? शिक्षा रद्द झाली फक्त."

सातवा नेहमी शेवटी बोलत असे. त्याने घसा साफ केला. "फेरतपास," तो म्हणाला.

बाकीचे सहा गप्प झाले. तो शब्द त्यांनी कधी ऐकला नव्हता.

सगुणाच्या तोंडातला आवळा तसाच राहिला. तिने तो बाहेर काढून खाली ठेवला. "म्हणजे आमच्या ह्यांना कोणी मारलं, ते पुन्हा शोधणार?" तिने विचारलं.

"पुन्हा कसं म्हणता?" सातवा म्हणाला. "आधी शोधलं होतं का?"

आता आपल्याला सहा वर्षं मागे जायला हवं. घाबरू नका. या जंगलात मागे जाणं फार सोपं आहे. सगळे तिकडेच निघालेले असतात.

तिथे कायदा एकच होता आणि तो सर्वांना पाठ होता. पाणवठ्यावर कोणी कोणाला मारायचं नाही. पाणवठ्यापासून शंभर पावलं दूर मारलं, तर ते जेवण. पाणवठ्यावर मारलं, तर तो खून. कायदा पाळला जातो की नाही हे पाहायला एक पाणवठा शांतता समिती होती. समितीचे अध्यक्ष होते बिबटराव. नावावरून तुम्ही ओळखलंच असेल, ते बिबट्या होते. स्वभावाने फार शांत. इतके शांत, की ते आले आहेत हे शेवटपर्यंत कोणाला कळत नसे.

एका दुपारी सगुणाचा नवरा सोनबा पाणी प्यायला गेला. सगुणा अलीकडे करवंदीच्या जाळीत होती. तिला सोनबाचं भुंकणं ऐकू आलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा अर्धं. मग काही नाही.

सांत्वनाला सगळ्यांच्या आधी बिबटराव आले. इतके आधी, की सगुणा अजून जाळीतून बाहेरही पडली नव्हती.

"फार वाईट झालं," मिशा पुसत ते म्हणाले. "समिती निषेध करते."

मग फौजदार कोल्हा आला. बरोबर चौकीचा कारकून घोरपड होता. घोरपडीची पकड तुम्हाला माहीत आहे. या कारकुनाने एकदा शब्द पकडला, की तो सोडत नसे. त्यामागून पाच पोपट आले. ते पंच होते. जंगलात कुठेही काही घडलं, की पंच म्हणून हेच पाच. ते चौकीच्याच झाडावर राहत, म्हणजे शोधायला लांब जायला नको. त्यांना एकच वाक्य यायचं: "वाचून पाहिलं, बरोबर आहे."

सोनबा काठावर पडला होता. मानेवर चार भोकं होती. चिखलात एक मोठा पंजा उमटलेला होता. कोल्हा त्या पंजावर उभा राहून म्हणाला, "घटनास्थळी पुरावा शोधा."

थोड्या अंतरावर एक काटा सापडला. साळिंदराचा. साळिंदरं रोज तिथे पाणी पीत, आणि तुमचे केस गळतात तसे त्यांचे काटे गळतात. पण काटा टोकदार होता आणि भोकंही टोकदारच होती. कोल्ह्याला आनंद झाला. काटा एक आणि भोकं चार, याचा अर्थ काटा चारदा टोचला, असं पंचनाम्यात लिहिलं गेलं.

मग त्याने तो काटा सगुणापुढे धरला. "बाई, हे काम साळिंदराचं असेल का?"

सगुणा सोनबाच्या डोळ्यांकडे पाहत होती. ते उघडे होते आणि त्यांत आभाळ दिसत होतं. तिला कोणीतरी काहीतरी विचारलं. मोठ्या अधिकाऱ्याला नाही कसं म्हणायचं?

"असेल," ती म्हणाली.

घोरपडीने लिहिलं: "हे काम साळिंदराचंच आहे, असे सदर बाई सांगते."

म्हणजे बघा, 'असेल' तोंडातून निघालं आणि कागदावर पोचेपर्यंत 'आहे' झालं. वाटेत एक 'च'सुद्धा येऊन चिकटला. सगुणाने खाली खूर उमटवला. कोणी वाचून दाखवलं नाही आणि तिनेही विचारलं नाही. पोपट म्हणाले, "वाचून पाहिलं, बरोबर आहे."

त्या भागात साळिंदराचं घर एकच होतं. लिंबाजीचं. लिंबाजी कंदमुळं खाई आणि उकरून वर आलेल्यातली कोवळी मुळं सोनबासाठी ठेवी. कोर्टात कोणीतरी म्हणालं, साळिंदर मांस खात नाही. कोल्हा म्हणाला, "म्हणूनच त्याने खाल्लं नाही. नुसतं मारलं." हे सगळ्यांना पटलं. लिंबाजीला घळीत टाकलं. ती घळ इतकी खोल होती, की तिच्यात दुपारीच काय ते ऊन पडे.

लिंबाजीची बायको बायजा दर तारखेला गव्यासमोर जाऊन उभी राहायची. गवा हा रवंथ करणारा न्यायाधीश. तो आधी सगळं गिळतो, मग सवडीने वर आणतो आणि चघळतो. पाच वर्षं त्याने पंचनामा चघळला. सहाव्या वर्षी त्याच्या दाताखाली काहीतरी कचकलं.

"या पोपटांना वाचता येतं का?" त्याने विचारलं.

पोपट म्हणाले, "वाचून पाहिलं, बरोबर आहे."

गव्याने समोर एक लिहिलेलं पळसाचं पान धरलं. पोपटांनी ते उलटं पकडलं. तेव्हा न्यायमूर्तींनी लिंबाजीची शिक्षा रद्द केली आणि फेरतपासाचा हुकूम दिला. तपास होईपर्यंत आरोपीने घळीतच राहावं, असंही सांगितलं. म्हणजे त्या दिवसापासून लिंबाजी घळीत शिक्षा भोगत नव्हता. नुसता राहत होता.

तर त्या सकाळी सातभाई उडून गेले तशी सगुणा टेकडीच्या पायथ्याकडे निघाली. त्या वाटेला ती सहा वर्षांत गेली नव्हती.

बायजा कंद उकरत होती. पाऊल वाजलं तरी तिने मान वर केली नाही.

"कोण?"

"मी. सगुणा."

"या. खाली बघून बसा, काटे असतात. आमच्याकडे सगळीकडेच असतात. फौजदाराला एक सापडला, तर केवढं कौतुक झालं."

सगुणा बसली नाही. "बायजाबाई, मी 'असेल' म्हटलं होतं."

"काय?"

"'आहे' म्हटलं नव्हतं. त्यांनी तसं लिहिलं. मला नंतर कोर्टात कळलं."

बायजाचे पंजे थांबले. "आणि हे सांगायला सहा वर्षं लागली?"

"वाटलं, साहेब शिकलेले. त्यांना ठाऊक असणार. आणि मला कोणीतरी हवं होतं. कोणीच नाही, असं घरी बसून नव्हतं सोसत."

"मग मिळालं की."

बायजाच्या पाठीवरचे काटे खुळखुळले. साळिंदराला राग आला, की ते वाजतात. सगुणा मान खाली घालून उभी राहिली. पळून जाण्याइतकी ती वेगवान होती, पण गेली नाही. बऱ्याच वेळाने काटे एकेक करून बसले.

"भावजी त्या दिवशी ओरडले होते ना?" बायजाने विचारलं.

"अडीच वेळा."

"आमच्या ह्यांना बघून?"

"तुमच्या ह्यांना बघून ते शेपूट हलवायचे."

"मग हे लिहिलंय का कुठे?"

"सांगितलं होतं मी. कारकून म्हणाले, भुंकण्याचा रकाना नाही. भुंकणं कुत्र्यांच्या कागदात येतं."

"तर मग जा, आणि रकाना पाडून घ्या," बायजा म्हणाली. "माझ्याकडे काय आलात? माझ्या खुराचा तिथे काही उपयोग नाही. मला खूरच नाहीत."

सगुणा वळली. तेवढ्यात मागून आवाज आला, "थांबा. हे दोन कंद घ्या. चौकीत रिकाम्या पोटी जाऊ नये. तिथे वेळ खातात, बाकी काही देत नाहीत."

चौकी वारुळाला लागून होती. सगुणा पोचली, तेव्हा गव्याचा हुकूम मधोमध ठेवून सगळे त्याच्याभोवती बसले होते.

"फेरतपास," कोल्ह्याने तिसऱ्यांदा वाचलं. "तपास कळला. तो आपण करतोच. हे फेर काय आहे, घोरपडे?"

"फेर म्हणजे फेर, साहेब," घोरपड म्हणाला. "गोल फिरायचं. आमच्या घरात दर आश्विनात भोंडला असतो. सगळ्या जणी फेर धरतात."

"कशाभोवती?"

"मध्ये पाटावर हत्ती काढतात."

"हत्ती आता कुठून आणायचा?"

"हत्तीच हवा असं नाही. कोणीतरी वजनदार मध्ये असला म्हणजे झालं."

कोल्ह्याने हे टिपून घेतलं. मग त्याची नजर सगुणावर गेली. "बोला, सगुणाबाई. फेरात तुम्हीही या. तक्रारदार हजर हवा."

"साहेब, माझ्या जबाबात एक शब्द चुकला आहे."

"शुद्धलेखन आम्ही बघत नाही."

"तिथे 'आहे' लिहिलंय. मी 'असेल' म्हटलं होतं."

कोल्हा हसला. वाईट हसला नाही. आपण लहान मुलाला हसतो तसा हसला. "बाई, तुम्ही 'असेल' म्हणालात आणि ते होतं. मग ते 'आहे'च झालं ना?"

"ते होतं कुठे, साहेब? तेच तर शोधायचंय."

"हे बघा. पाऊस पडेल म्हणालं आणि पडला, तर पडलाच म्हणायचं ना?"

"आणि नाही पडला तर?"

कोल्हा घोरपडीकडे वळला. "काय घोरपडे, बदलता येईल का?"

घोरपडीने जुना कागद छातीशी आवळून धरला. "'च' हवा तर काढून देतो," तो म्हणाला. "बाईंच्या शब्दाला मान म्हणून. 'आहे' काढता येणार नाही. सगळं वाक्य त्याच्यावर उभं आहे. वाक्य पडलं तर पान पडेल. पान पडलं तर केस पडेल. मग फेरतपास कशाचा करायचा?"

"बरं, ह्यांचं भुंकणं तरी लिहून घ्या," सगुणा म्हणाली. "हा नवीन तपास आहे. नवीन रकाना पाडा."

"त्या दिवशी तुम्ही ते पाहिलंत का?" घोरपडीने विचारलं.

"ऐकलं."

"भुंकणारा साक्षीला येईल का?"

पोपटांना वाटलं बोलणं संपलं. ते म्हणाले, "वाचून पाहिलं, बरोबर आहे."

फेराचा दिवस ठरला. पाणवठ्यावर सगळं जंगल जमलं. सातभाई सात फांद्यांवर बसले. बायजा एका कडेला होती. तिच्या शेजारी कोणी बसलं नव्हतं, तशी सगुणा जाऊन बसली. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही.

कोल्हा पुढे उभा राहिला. मागे घोरपड, त्यामागे पाच पोपट. मधली जागा मात्र रिकामी होती. वजनदार कोणी सापडलं नव्हतं. अस्वल म्हणालं, मला चक्कर येते. रानडुक्कर म्हणालं, माझ्या नावावर आधीच एक शेत उकरल्याची तक्रार आहे.

इतक्यात झुडुपं हलली नाहीत, पान वाजलं नाही, आणि बिबटराव काठावर उभे होते.

"काय चाललंय, फौजदार?"

"फेरतपास, अध्यक्षसाहेब. कोर्टाचा हुकूम."

"उत्तम. समितीचा पाठिंबा आहे. अडचण काही?"

"मध्ये बसायला कोणी मिळत नाही, साहेब."

"एवढंच ना," बिबटराव म्हणाले. ते पाण्याशी गेले. जिथे सोनबा पडला होता, बरोबर तिथे पुढचे पंजे टेकून पाणी प्यायले. मग मधोमध येऊन बसले आणि पंजा चाटू लागले. ओल्या मातीत ते आले त्या वाटेने चार-चार बोटांचे ठसे उमटले होते. कोल्ह्याने ते पाहिले आणि म्हणाला, "घोरपडे, जरा पाय जपून. चिखल आहे."

फेर सुरू झाला. तपास गोल गोल फिरू लागला. कोल्हा जमीन हुंगत होता, घोरपड लिहीत होता, पोपट टाळ्या वाजवत होते. पहिल्या फेरात काही सापडलं नाही. दुसऱ्या फेरात पहिल्या फेरातल्या पावलांचे ठसे सापडले. त्यांची मापं घेतली गेली. मध्ये बिबटराव बसलेले, आणि फेर धरणाऱ्या सगळ्यांच्या पाठी त्यांच्याकडे.

सगुणाने इतकी वर्षं बिबटरावांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ते कधी आले तरी मागून येत. आता ते समोर होते. पिवळे, ठिपक्यांचे, शांत. तिने दात घट्ट मिटले. आज भुंकायचं नाही, असं तिने ठरवलं होतं. आज नीट बोलायचं, सांगण्यासारखं सांगायचं. पण ते ठरवून होत नसतं.

ती भुंकली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा पूर्ण.

फेर थांबला. पाणी थरथरलं. झाडावर वानरं एकदम वर सरकली. बायजाचे सगळे काटे उभे राहिले, आणि ते रागाने नव्हते.

"हेच ते!" बायजा ओरडली. "अहो फौजदार, ऐकलंत का? भावजी असेच ओरडले होते! कशाला बघून ओरडली ती, बघा तरी मागे वळून!"

सगळ्या जंगलाने कोल्ह्याकडे पाहिलं. कोल्हा मागे वळणार, असं एक क्षण वाटलं. त्याची मान अर्धी वळलीसुद्धा. मग तिला कसलीतरी उसण भरली असावी. ती परत जागेवर आली.

"घोरपडे," तो म्हणाला, "लिहून घ्या."

सगुणाला वाटलं, झालं. सहा वर्षांनी का होईना, एक रकाना पडला.

"काय लिहू, साहेब?" घोरपडीने विचारलं.

"लिहा. तपास चालू असताना तक्रारदार बाईंना खोकला आला."

बिबटराव उठले. "काळजी घ्या, वहिनी," ते सगुणाला म्हणाले. "हवा बदलली आहे." आणि ज्या वाटेने आले, त्या वाटेने गेले. पान वाजलं नाही.

पाच फेर पूर्ण झाले. पंच पाच, म्हणून फेर पाच. भोंडल्यात शेवटी खिरापत ओळखतात, म्हणून कोल्ह्याने विचारलं, "ओळखा कोण?"

"साळिंदर!" पोपट म्हणाले. त्यांना हा दुसरा शब्द चार दिवस खपून शिकवला होता. भोंडल्यातही शेजारणी आधी डब्याचा वास घेतातच.

मग घोरपडीने अहवाल पुरा केला. तो असा होता: "हुकुमाप्रमाणे फेर धरण्यात आला. फेर जिथून निघतो तिथेच परत येतो, ही गोष्ट सर्वांच्या समक्ष सिद्ध झाली. सबब आम्ही जिथून निघालो होतो, तिथेच आलो आहोत. हे काम साळिंदराचं आहे, असे सदर बाई सांगते."

'च' काढलेला होता. घोरपड दिल्या शब्दाला जागला.

"सगुणाबाई, इथे खूर उमटवा," कोल्हा म्हणाला.

"आधी वाचून दाखवा," सगुणा म्हणाली.

असं त्या फौजदाराला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. पोपटांनी एकमेकांकडे पाहिलं. हे तर त्यांचं काम होतं. शेवटी घोरपडीने वाचलं. सगुणाने डोळे मिटून सगळं ऐकलं.

"हे मी म्हटलं नाही," ती म्हणाली.

"अहो, मागच्या वेळी खूर दिलात की."

"मागच्या वेळी ऐकलं नव्हतं."

कोल्हा तिच्या जवळ आला आणि आवाज मऊ करून म्हणाला, "बाई, तुमच्याच भल्याचं सांगतो. तुमचा खूर नसेल, तर कागद वर जाणार नाही. कागद वर गेला नाही, तर निकाल नाही. निकाल नाही, तर तो लिंबाजी आहे तिथेच. त्याला निदान काही वर्षांची नेमकी शिक्षा लागली, तर सुटायचा दिवस तरी मोजता येईल. आता तो नुसताच राहतोय. याला जबाबदार कोण? तुम्ही."

सगुणाचा पुढचा पाय उचलला गेला होता. तो तसाच अधांतरी राहिला. खूर दिला, तर लिंबाजी खुनी. नाही दिला, तर लिंबाजी घळीत. एका बाजूला तिचा शब्द होता आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा नवरा. तिने बायजाकडे पाहिलं. त्या दिवशी पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"काय करू, बायजाबाई? तुम्ही सांगाल तसं. ते आत राहतील."

बायजा घळीच्या दिशेला बघत होती. दुपार होती. या वेळी तिथे ऊन पडलेलं असणार.

"ते आत आहेतच," ती म्हणाली. "तुम्ही खूर दिलात, तर कायमचे आत जातील. नका देऊ."

सगुणाने पाय खाली ठेवला. कागदावर नव्हे. जमिनीवर.

"बघा हं," कोल्हा म्हणाला. "पस्तावाल."

"असेल," सगुणा म्हणाली.

घोरपडीने चटकन लेखणी उचलली. मग बायजाच्या काट्यांचा आवाज ऐकून हळूच खाली ठेवली.

अहवाल खुराशिवाय गव्यापुढे गेला. गव्याने तो गिळला. सवडीने वर आणला, चघळला, आणि खालची रिकामी जागा पाहून शेरा मारला: "तक्रारदाराने खूर का दिला नाही, याचा तपास करावा."

हा तपास कोल्ह्याला लगेच समजला. तो फार काळजीपूर्वक चालू आहे. सगुणाच्या चारही खुरांची मापं घेऊन झाली. ती कुठे जाते, कोणाशी बोलते, कोणते आवळे खाते, हे सगळं लिहून ठेवलं जातं. त्यासाठी नवीन सहा रकाने पाडले आहेत. बिबटरावांनी या कामी समितीचं सहकार्य देऊ केलं आहे.

बायजा आणि सगुणा आता दर तारखेला दोघी मिळून जातात. वाटेत फार बोलत नाहीत. एकदा बायजा म्हणाली, "त्या दिवशी तिसऱ्यांदा पूर्ण भुंकलात तुम्ही." सगुणा म्हणाली, "हो." एवढंच.

लिंबाजी घळीत आहे. सोनबाला कोणी मारलं, याचा तपास अजून कोणी केलेला नाही.

तात्पर्य: मुलांनो, सत्य कधीच लपून राहत नाही. ते सगळ्यांच्या देखत येतं, मधोमध बसतं, पाणी पिऊन जातं. आपण त्याच्याकडे पाठ करून हुकुमाप्रमाणे फेर पूर्ण करावा, आणि कोणाला खोकला आलाच, तर त्याची नोंद घ्यावी.